व्हेनियरचे साहित्य आणि दातातील यांत्रिक ताण

व्हेनियर म्हणजे समोरच्या दाताच्या ओठाकडील बाजूवर चिकटवलेला सिरॅमिकचा किंवा कॉम्पोझिटचा (दातांच्या रंगाच्या भरणद्रव्याचा) पापुद्रा. त्याची जाडी साधारण ०.३ ते १ मिमी असते. कॅप (क्राउन) दाताला चारही बाजूंनी धरून ठेवते. व्हेनियर फक्त चिकटून राहते. त्यामुळे चावताना येणारा ताण (प्रतिबल) पापुद्रा, सिमेंटचा थर, एनॅमल (दंतवल्क) आणि डेंटिन (एनॅमलखालचा मऊ थर) या चौघांत वाटला जातो. ही वाटणी कशी होईल ते मुख्यतः साहित्याचा ताठरपणा, थरांची जाडी आणि चिकटपणाची प्रत यांवर ठरते. माहितीपत्रकातला ताकदीचा आकडा त्यांतला फक्त एक भाग सांगतो.

कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९२८ च्या सुमारास चित्रपटातील नटांसाठी असे पापुद्रे वापरले. ते चित्रीकरणापुरते टिकत, कारण दाताला घट्ट धरून ठेवणारे काही उपलब्ध नव्हते. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने एनॅमल खरखरीत करून त्यावर रेझिन (घट्ट होणारे प्लास्टिकसारखे द्रव्य) चिकटवता येते हे दाखवले. पोर्सेलिनची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने कोरून सिलेनच्या (सिरॅमिक आणि रेझिन यांना जोडणाऱ्या रसायनाच्या) मदतीने रेझिनला जोडण्याचे काम १९८३ मध्ये सायमनसेन आणि कॅलामिया यांनी मांडले. आजचे व्हेनियर या दोन जोडांवर उभे आहे.

ताण कुठे पडतो

वरच्या मधल्या पटाशीच्या दाताकडे पाहू. चावताना खालच्या दाताची धार त्याच्या टाळूकडील खोलगट बाजूवर टेकते आणि दात किंचित बाहेर, म्हणजे ओठाकडे वाकतो. वाकणाऱ्या कांबीची एक बाजू ताणली जाते आणि दुसरी दाबली जाते, तसेच इथे होते. टाळूकडील खोलगट भागात ओढीचा ताण सर्वाधिक असतो, तर ओठाकडे प्रामुख्याने दाब. सिरॅमिक दाब उत्तम सोसते आणि ओढीला लवकर तडकते, म्हणून व्हेनियरची जागा मुळात सोयीची आहे. धोका कडांना असतो: चावण्याच्या धारेजवळ आणि हिरडीलगत.

व्हेनियरसाठी दात कापून तयार करताना याचा थेट उपयोग होतो. धार १ ते १.५ मिमी कमी करून तिथे सरळ, काटकोनी जोड ठेवला तर सिरॅमिकची कड टाळूकडील खोलगट भागाबाहेर, धारेकडेच राहते. तीच कड मागे वळवून खोलगट भागात उतरवली तर सिरॅमिकचे पातळ टोक नेमके सर्वाधिक ओढीच्या जागी जाते, आणि तिथून चिरा सुरू होतात. कड मागे न्यायचीच असेल तर ती खोलगट भाग ओलांडून हिरडीकडील फुगवट्यापर्यंत न्यावी. तिथे ताण कमी असतो, पण दात जास्त कापावा लागतो.

ताठरपणाचे गणित

स्थितिस्थापकता गुणांक म्हणजे साध्या भाषेत ताठरपणा. एनॅमलचा गुणांक सुमारे ८० गिगापास्कल आणि डेंटिनचा १८ च्या आसपास. सिरॅमिकच्या प्रकारांपैकी फेल्डस्पॅथिक पोर्सेलिन ६० ते ७०, ल्यूसाइटयुक्त सिरॅमिक जवळपास तेवढेच, लिथियम डायसिलिकेट ९५, झिरकोनिया २०० ते २१०. दुसऱ्या टोकाला थेट दातावर रचायचे कॉम्पोझिट ८ ते १६ आणि पॉलिमर मुरवलेले जाळीदार सिरॅमिक ३० च्या सुमारास. सिमेंट या सगळ्यांत मऊ, साधारण ५ ते १० गिगापास्कल.

एकमेकांना घट्ट चिकटलेले थर एकत्र वाकतात तेव्हा शेजारच्या थरांचे ताणणे (विकृती) जवळजवळ सारखे असते, आणि प्रत्येकातला ताण त्याच्या ताठरपणाच्या प्रमाणात वाढतो. दाताच्या पृष्ठभागावर ०.०५ टक्का विकृती धरली तर एनॅमलमध्ये ४० मेगापास्कल ताण येतो, १२ गिगापास्कलच्या कॉम्पोझिटमध्ये ६, फेल्डस्पॅथिकमध्ये सुमारे ३२, लिथियम डायसिलिकेटमध्ये ४७ आणि झिरकोनियात १००. हे ढोबळ गणित आहे. ताठर पापुद्रा एकूण वाकणेही कमी करतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून थोडा कमी राहतो. कल मात्र हाच.

आता हेच आकडे वाकवताना तुटण्याच्या मर्यादेशेजारी ठेवू. फेल्डस्पॅथिक पोर्सेलिनची मर्यादा ६० ते १०० मेगापास्कल, ल्यूसाइटयुक्ताची १२० ते १६०, लिथियम डायसिलिकेटची साधारण ३६० ते ४७० आणि प्रचलित झिरकोनियाची ९०० च्या पुढे. म्हणजे ३२ मेगापास्कल ताण घेणारे फेल्डस्पॅथिक आपल्या मर्यादेच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत पोहोचलेले असते, तर ४७ घेणारे लिथियम डायसिलिकेट जेमतेम एक अष्टमांशापर्यंत. दातांवर दात घासण्याची (दात खाण्याची) सवय असेल किंवा धार बरीच लांबवायची असेल तिथे लिथियम डायसिलिकेट निवडण्याचे खरे कारण ही शिल्लक आहे. झिरकोनियाची शिल्लकही मोठी आहे, पण त्याची अडचण निराळी, ती पुढे येते.

कॉम्पोझिटमध्ये स्वतःचा ताण कमी असतो, पण न घेतलेला भार दाताला घ्यावा लागतो. ओठाकडील एनॅमल काढले की दाताचा ताठरपणा घटतो. त्या जागी पोर्सेलिन बसवले तर तो जवळजवळ पूर्ववत होतो. कॉम्पोझिट बसवले तर अंशतःच. शिवाय कॉम्पोझिट घट्ट होताना आकारमानाने २ ते ३ टक्के आक्रसते. ही ओढ एनॅमलच्या कडेवर येते आणि कधी कडेने बारीक पांढरी रेघ उमटते. ती रेघ रंगाची चूक नसते, तिथे एनॅमलच आतून फाटलेले असते. म्हणून कॉम्पोझिट पातळ थरांनी भरावे आणि दिव्याचा प्रकाश सुरुवातीला मंद ठेवावा.

जाडी आणि सिमेंट

वाकणाऱ्या पट्टीतला ताण जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आधाराविना ०.५ मिमीचा पापुद्रा १ मिमीच्या पापुद्र्यापेक्षा तोच भार चौपट ताणाने सोसतो. चिकटवल्यावर दाताचा आधार मिळतो आणि हा फरक खूप कमी होतो. यामुळेच चिकटवण्यापूर्वी फेल्डस्पॅथिक व्हेनियर बसवून चावा तपासणे ही हमखास तोडणारी चूक आहे. चिकटवण्याआधी फक्त बसणी आणि रंग पाहावा, चावा नंतर.

सिमेंटचा थर जाड झाला की दोन गोष्टी बिघडतात. घट्ट होताना त्याचे आक्रसणे सिरॅमिकला ओढते. पुढे गरम चहा आणि थंड पाणी आलटून पालटून आले की रेझिन सिरॅमिकपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. पास्कल मान्ये आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की सिरॅमिकची जाडी सिमेंटच्या तिपटीहून जास्त असेल तर चिरा जाण्याची शक्यता कमी राहते. म्हणजे ०.५ मिमी सिरॅमिकखाली सिमेंट १६० मायक्रॉनच्या आत हवे. हाताने बनवलेल्या कामात ५० ते १०० मायक्रॉन साधतात. यंत्राने कापलेल्या व्हेनियरमध्ये बिघाड बहुधा एकाच जागी होतो: तयार दाताची धार कापणाऱ्या बरच्या (फिरत्या हत्याराच्या) व्यासापेक्षा बारीक राहिली की यंत्र आतून जास्त कोरते, आणि नेमके धारेपाशी सिमेंटचे डबके साचते. म्हणून यंत्राचे काम असेल तर धार गोलसर आणि पुरेशी जाड ठेवावी. बारीक टोक हाताने रचायच्या पोर्सेलिनलाच शोभते.

कापण्याची खोली हिरडीलगत ०.३, मध्ये ०.५ आणि धारेकडे ०.७ मिमी धरली जाते. हिरडीजवळ एनॅमल मुळातच ०.३ ते ०.५ मिमी असते, त्यामुळे तिथे हात जरा खोल गेला की डेंटिन उघडे पडते. डेंटिनचा जोड कमजोर असतो. शिवाय डेंटिन मऊ असल्याने ताठर पापुद्र्याखाली ते जास्त वाकते, आणि जोडावर कातरणारा ताण वाढतो. एनॅमलवर नीट चिकटलेले ७० मेगापास्कलचे पोर्सेलिन वर्षानुवर्षे टिकते, तर डेंटिनवर बसवलेले पाचपट ताकदीचे साहित्य अखंड सुटून हातात येऊ शकते. साहित्य निवडण्यापूर्वी खाली किती एनॅमल उरणार आहे ते पाहायला हवे. डेंटिन उघडे पडलेच तर त्याच भेटीत, माप घेण्यापूर्वी, त्यावर बॉन्डिंग (चिकटवणारे पातळ रेझिन) लावून ते बंद करणे चांगले.

महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलातील फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि त्यासाठी व्हेनियर मागितले जाते. अशा एनॅमलचा बाहेरचा थर आम्लाला दाद देत नाही आणि त्याखालचा भाग सच्छिद्र असतो. नेहमीच्या वेळेत आम्ल लावून मिळालेला जोड कमी भरतो. वरचा थर हलका घासून काढणे किंवा आम्लाची वेळ वाढवणे भाग पडते.

साहित्यानुसार जोड

फेल्डस्पॅथिक पोर्सेलिनला ९ ते १० टक्के हायड्रोफ्लोरिक आम्ल ६० ते ९० सेकंद लावतात. ल्यूसाइटयुक्ताला ५ टक्के, ६० सेकंद. लिथियम डायसिलिकेटला ५ टक्के आणि फक्त २० सेकंद. यातला घोळ महाग पडतो: जास्त वेळ आम्ल ठेवले तर काच खोल खाल्ली जाऊन पातळ पापुद्रा कमजोर होतो आणि कमी ठेवले तर पकड येत नाही. आम्लाने सुटलेले क्षार आतल्या बाजूवर पांढुरक्या थराने बसतात. ते धुवून, अल्ट्रासॉनिक टाकीत काही मिनिटे ठेवून काढावे आणि मगच सिलेन लावावे. हे सारे तोंडाबाहेर होते. हायड्रोफ्लोरिक आम्ल ऊतींना गंभीर इजा करते, म्हणून हातमोजे, चष्मा आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल असायलाच हवे.

झिरकोनियात काच जवळजवळ नसते, त्यामुळे आम्लाचा उपयोग नाही. ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिना कणांचा कमी दाबाचा मारा करून एमडीपी (झिरकोनियाला धरणारे रसायन) असलेला प्रायमर, म्हणजे जोडापूर्वीचा लेप, लावतात. जोड मिळतो, पण कोरलेल्या काचेइतका भरवशाचा नसतो. इतका ताठर पापुद्रा स्वतः मोडत नाही, ताण कडेच्या सिमेंटवर ढकलतो आणि मग व्हेनियर अखंड सुटते. दाताचा मूळ रंग फार गडद असेल तर झिरकोनियाचा विचार समजण्यासारखा आहे. निव्वळ मजबुतीसाठी घेऊ नये.

दाताच्या बाजूने एनॅमलवर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल ३० सेकंद आणि डेंटिनवर १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही. पातळ व्हेनियरसाठी केवळ प्रकाशाने घट्ट होणारे सिमेंट घ्यावे.

कालांतराने होणारी मोड

सिरॅमिक बहुधा एकाच चाव्यात मोडत नाही. चिरेच्या टोकाशी लाळेतील पाणी पोहोचते, तिथले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटतात आणि चीर मर्यादेपेक्षा बऱ्याच कमी ताणावरही पुढे सरकत राहते. चावा जुळवताना बरने ओरखडलेला आणि पॉलिश न केलेला भाग हा तिचा आवडता आरंभबिंदू. घासलेली प्रत्येक जागा रबरी पॉलिशरने टप्प्याटप्प्याने गुळगुळीत करणे यामुळेच अत्यावश्यक आहे.

दातांनी ऊस सोलताना साल धारेला अडकते आणि ओढ बाहेरच्या दिशेने बसते, म्हणजे व्हेनियर सोलून काढण्यासारखा भार पडतो. समोरच्या दातांनी सुपारी फोडली तर सगळा जोर काही चौरस मिलिमीटरवर येतो. नखे किंवा दोरा तोडणेही त्याच जातीचे. रात्री दात खाणाऱ्या रुग्णाला कोणतेही साहित्य दिले तरी कडक ॲक्रिलिकचा नाइट गार्ड द्यावाच.

सुटलेले व्हेनियर फेकू नये. ते कारण सांगते. सिमेंट दातावर राहिले आणि पापुद्र्याची आतली बाजू स्वच्छ निघाली तर सिरॅमिकची तयारी चुकली आहे: आम्ल, सफाई किंवा सिलेन. सिमेंट पापुद्र्याला चिकटून आले आणि दात उघडा पडला तर दोष दाताच्या बाजूचा: डेंटिन, ओल किंवा हिरडीतून आलेले रक्त. सिरॅमिकचा तुकडा दातावर घट्ट राहून बाकीचा मोडला असेल तर जोड चांगला होता. तेव्हा जाडी, धारेची लांबी आणि चावा तपासायचा.