हळू चालवताना हेल्मेट कशाला?

‘कोपऱ्यावरून दूध आणायचंय, वीसच्या वेगात पडलो तर फार तर गुडघा सोलवटेल’ हा समज जुना आहे. पटण्यासारखाही आहे, कारण बहुतेकदा गुडघाच सोलवटतो.

पण डोक्याचा हिशोब वेगळा असतो. दुचाकीवर बसल्यावर डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. तिथून खाली येणारी कोणतीही वस्तू डांबराला टेकताना ताशी जवळजवळ २० किलोमीटर वेगात असते, गाडी उभी असली तरी. शाळेतलं सूत्र वापरून पाहा: वेगाचा वर्ग = २ × ९.८ × १.५. उत्तर सेकंदाला ५.४ मीटर. पडायला लागणारा वेळ जेमतेम अर्धा सेकंद. ‘हात टेकवू’ म्हणेपर्यंत तो संपतो. (तोल जाताना डोकं थेट खाली न येता कलत येतं, तरी धोका फारसा घटत नाही.)

डांबर दबत नाही, म्हणून डोकं काही मिलिमीटरांत थांबतं. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर चिरडला जातो, थांबायला जास्त अंतर मिळतं, धक्का उतरतो. घेताना आयएस ४१५१ (दुचाकी हेल्मेटचं भारतीय मानक) चा शिक्का बघा. आणि पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोकं आपटण्याआधीच उडतं.