योम हाशोआ

नाझी राजवटीने मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ इस्रायलमध्ये पाळला जाणारा शासकीय दिवस. पूर्ण हिब्रू नावाचा अर्थ ‘शोआ (ज्यूंचा हा नरसंहार) आणि शौर्य स्मृतिदिन’. त्यातले ‘शौर्य’ प्रामुख्याने पोलंडमधील वॉर्सा घेट्टोतील, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतील उठावाचे. हा दिवस हिब्रू पंचांगातील २७ निसानला, म्हणजे एप्रिलात किंवा मेच्या आरंभी येतो.

तिथी ठरवताना बरीच ओढाताण झाली. उठाव १९ एप्रिल १९४३ रोजी सुरू झाला. ती होती १४ निसान, पेसाह सणाची पूर्वसंध्या. तेव्हा शोक पाळणार कसा? धर्ममार्तंडांच्या मते तर निसान हा अख्खा महिनाच आनंदाचा. अखेर क्नेसेटने (इस्रायलच्या संसदेने) १९५१ मध्ये पेसाहनंतरची आणि सैनिकांच्या स्मृतिदिनाआधी आठवडाभर येणारी २७ निसान निवडली. ज्यू धर्मगुरूंच्या मुख्य रब्बी मंडळाने मात्र तेवेत महिन्याची दहावी तिथी हा जुना उपवासाचा दिवस स्मरणाला जोडला होता. अनेक कर्मठ घरांत आजही तोच पाळतात.

१९५१चा ठराव बराचसा कागदावरच राहिला; करमणुकीची ठिकाणे खुशाल उघडी असत. नरसंहारातून बचावलेल्यांच्या रेट्यामुळे १९५९ मध्ये कायदा झाला: दोन मिनिटे स्तब्धता, रस्त्यांवरील वाहतूक बंद, ध्वज अर्ध्यावर. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून १९६१च्या दुरुस्तीने करमणुकीची ठिकाणे आदल्या संध्याकाळीच बंद करायला लावली.

हिब्रू पंचांग आपल्यासारखेच चांद्रसौर, अधिक महिन्यासह. त्याच्या गणितात २७ निसानला रविवार, मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवार एवढेच वार येतात. शुक्रवार आला तर समारोप शब्बाथला (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवार संध्याकाळपर्यंतच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाला) भिडतो, म्हणून दिवस गुरुवारी पाळतात (२०२५: २४ एप्रिल). रविवार आला तर शनिवारी संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी शब्बाथलाच करावी लागेल. म्हणून तो सोमवारी ढकलतात (२०२४: ६ मे).

आदल्या संध्याकाळी जेरुसलेमच्या याद वाशेम स्मारकात सहा मशाली पेटतात, दहा लाखांमागे एक. सकाळी १० वाजता देशभर भोंगा वाजतो. महामार्गावर गाड्या जागच्या जागी थांबतात, दारे उघडतात, चालक उतरून गाडीशेजारी उभे राहतात. हल्ल्याच्या इशाऱ्यासाठीही भोंगेच वापरतात, त्यामुळे गल्लत नको म्हणून स्वर वेगळा असतो: इशाऱ्याचा वरखाली होतो, स्मृतिदिनाचा दोन मिनिटे एकाच पट्टीत.