जन्म साउदॅम्प्टनचा, वस्ती जगभर: स्पार्टिना अँग्लिकाची पार्श्वभूमी

एखाद्या वनस्पतीचं मूळ स्थान सांगताना आपण सहसा अख्खा खंड किंवा लांबलचक किनारपट्टी सांगतो. स्पार्टिना अँग्लिका या खाजणात वाढणाऱ्या गवताचं तसं नाही. इंग्लंडच्या दक्षिणेची साउदॅम्प्टनची खाडी, हेच त्याचं जन्मस्थान.

त्याची आई मात्र तिथली नव्हे. स्पार्टिना अल्टर्निफ्लोरा हे अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं गवत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बहुधा जहाजांबरोबर, या खाडीत पोहोचलं. स्थानिक स्पार्टिना मारिटिमाशी त्याचा संकर झाला. १८७० मध्ये हाइद गावाजवळ सापडलेला हा संकर वांझ होता, कारण त्याच्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नव्हत्या. पुढे १८९० च्या सुमारास गुणसूत्रांची संख्या आपोआप दुप्पट होऊन १२० च्या आसपास गेली, जोड्या जुळल्या आणि बी धरू लागलं. नवी प्रजाती इतक्या थोड्या काळात, जवळपास माणसांच्या डोळ्यांदेखत घडल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, आणि मला या गवताचं सर्वांत जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

भरतीचं खारं पाणी ते सहज पचवतं. जास्तीचं मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडतं. ऊन्हात पान वाळलं की त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. दाट ताटांमुळे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि चिखलाची पातळी वर येत जाते. नेमक्या याच गुणासाठी विसाव्या शतकात किनारे बांधून धरायला आणि समुद्राकडून जमीन मिळवायला नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्क, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया अशा देशांत त्याची मुद्दाम लागवड झाली. चीनमध्ये ते १९६३ मध्ये नेलं. म्हणजे त्याच्या आजच्या विस्तारात वाऱ्यापाण्याइतकाच माणसाच्या हाताचाही वाटा आहे.

किंमत पक्ष्यांना मोजावी लागली. ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या चिखलात किडे-शिंपले टिपणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा गवताखाली गेली. आज ते जगातल्या सर्वाधिक उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. खुद्द दक्षिण इंग्लंडमध्ये मात्र ते अनेक ठिकाणी मरून मागे हटलं आहे. चीनमध्येही ते फार उरलेलं नाही. तिथले किनारे व्यापले ते १९७९ मध्ये अमेरिकेतून आणलेल्या त्याच्या आईने, अल्टर्निफ्लोराने, आणि तिला उपटण्याची देशव्यापी मोहीम २०२२ मध्ये हाती घ्यावी लागली.