बीटा पेशी, कॉक्सॅकी विषाणू आणि न थांबणारी धोक्याची घंटा

मुलाला टाइप वन मधुमेह झाल्याचं कळलं की आईवडील आधी स्वतःलाच दोष देतात. चॉकलेटं फार दिली का? गोडाचे लाड नडले का? अजिबात नाही. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि या आजारात मुलाचीच रोगप्रतिकार यंत्रणा त्या मारून टाकते. खाण्यापिण्यातली चूक शोधत बसू नये.

मग ती यंत्रणा उलटते कशामुळे? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण ती पुरी पडत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा मधुमेह झाला तरी दुसऱ्याला होतोच असं नाही, आणि झाला तर कधी कधी बऱ्याच वर्षांनी होतो. म्हणजे बाहेरून काहीतरी घडत असणार. संशयितांच्या यादीत सर्वात वर आहेत एन्टेरोव्हायरस, त्यातही कॉक्सॅकी बी गटातले. लहान मुलांना ताप, सर्दी किंवा पोटाची कुरबुर देऊन जाणारे हे विषाणू. १९७९ मध्ये अमेरिकेत मधुमेहाने अचानक दगावलेल्या एका १० वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी ४ वेगळा करण्यात आला. तो उंदरांना टोचल्यावर त्यांचीही साखर वाढली. पण इतक्या झटपट घडणारा मधुमेह विरळा. बहुतेक मुलांत हा नाश महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालतो. एखादा विषाणू येऊन पेशी फोडून गेला, एवढ्याने त्याचा उलगडा होत नाही.

खरी गंमत बीटा पेशीच्या आत आहे. पेशीत शिरण्यासाठी कॉक्सॅकीला पृष्ठभागावरचं एक विशिष्ट प्रथिन लागतं. बीटा पेशीत या प्रथिनाचा एक प्रकार इन्सुलिन साठवणाऱ्या कणिकांच्या आवरणावरच आढळतो. इन्सुलिन सोडताना कणिका पेशीच्या कडेला येऊन उघडते, तेव्हा हे प्रथिनही बाहेर उघडं पडत असावं आणि विषाणूला वाट मिळत असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

विषाणू आत शिरून आपल्या प्रती काढू लागला की दुपेडी आरएनए (विषाणूची जनुकीय माहिती वाहणारा रेणू) तयार होतो. पेशीतलं एमडीए-५ नावाचं प्रथिन तो ओळखतं आणि धोक्याची घंटा वाजवतं: इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूचा इशारा देणारी प्रथिनं, तयार होतात. इंटरफेरॉनमुळे बीटा पेशी एचएलए वर्ग-१ ची प्रथिनं मोठ्या प्रमाणावर पृष्ठभागावर आणते. आत काय चाललंय त्याचे नमुने टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या मारेकरी पेशींना, दाखवणं हे या प्रथिनांचं काम. पण नमुन्यांत विषाणूच्या तुकड्यांबरोबर पेशीचे स्वतःचे, अगदी इन्सुलिनचेही तुकडे असतात. ज्यांच्या टी पेशी या तुकड्यांवर चालून जाणाऱ्या आहेत, त्यांच्या बीटा पेशींचं पुढे काय होणार ते उघड आहे.

माझ्या मते या तर्काला सर्वात भक्कम आधार जनुकांनी दिला. २००९ मध्ये असं दिसलं की एमडीए-५ चं जनुक ज्यांच्यात दुर्मीळ बदलांमुळे अधू आहे, त्यांना टाइप वन मधुमेहाचा धोका कमी असतो. घंटा मंद, तर बीटा पेशी सुरक्षित!

ही घंटा लांबते कशी, याचाही धागा मिळाला आहे. काही एन्टेरोव्हायरस आपल्या आरएनएच्या सुरुवातीच्या टोकाचा छोटा तुकडा गमावतात. मग ते सावकाश वाढतात, पेशी फोडत नाहीत आणि मुक्काम ठोकतात. चार देशांतल्या आनुवंशिक धोका असलेल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या ‘टेडी’ अभ्यासाने २०१९ मध्ये याच्याशी जुळणारी गोष्ट मांडली: ज्यांच्या शौचातून एन्टेरोव्हायरस बी दीर्घकाळ बाहेर पडत राहिला, त्यांच्यात बीटा पेशींविरुद्धची प्रतिपिंडं (रोगप्रतिकार यंत्रणेने त्या पेशींविरुद्ध बनवलेली प्रथिनं) जास्त वेळा निर्माण झालेली दिसली. आले-गेले संसर्ग तसे वागले नाहीत.

म्हणून ‘मधुमेहाचा विषाणू सापडला’ असे मथळे चुकीचे आहेत. हे विषाणू असंख्य मुलांना होऊन जातात आणि बहुतेकांना मधुमेह होत नाही. आणि विषाणू निपटून काढतो म्हणत कोणी काढा किंवा भस्म देऊन इन्सुलिन बंद करायला सांगत असेल, तर तो मुलाच्या जिवाशी खेळतो आहे. इन्सुलिन थांबलं की या मुलांचं रक्त काही दिवसांतच आम्लधर्मी होऊ लागतं.

नॉर्वेतल्या २०२३ च्या चाचणीत नव्याने निदान झालेल्या मुलांना सहा महिने प्लेकोनारिल आणि रिबाव्हिरिन ही विषाणूविरोधी औषधं दिली. वर्षाअखेर त्यांच्यात उरलेली इन्सुलिननिर्मिती औषध न मिळालेल्यांपेक्षा अधिक होती. मधुमेह बरा झाला नाही, ऱ्हास मंदावला. कॉक्सॅकी बी विरुद्धची लसही माणसांवरच्या प्राथमिक चाचणीपर्यंत पोहोचली आहे. तिने मधुमेह टळतो का, हे ठरायला मात्र वेळ लागेल. प्रतिपिंडं अनेकदा पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतात आणि आजार त्यानंतर कित्येक वर्षांनी उघड होतो, त्यामुळे लस तान्हेपणीच द्यावी लागेल आणि त्या मुलांवर शाळेच्या वयापर्यंत, किंबहुना त्याहूनही पुढे, लक्ष ठेवावं लागेल.