स्मारकाजवळच्या जुन्या घराची दुरुस्ती: परवानगीचा अर्ज, कागदपत्रे आणि मोजमापाचे नकाशे

बेळगावच्या किल्ल्यात सन १२०४ ची कमलबस्ती आहे आणि सफा मशीद आहे. दोन्ही वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या धारवाड मंडळाखाली येतात. अशा केंद्र-संरक्षित स्मारकाच्या आसपास तुमचे घर, वाडा किंवा देऊळ असेल, तर कौले उतरवण्याआधी परवानगी घ्यावी लागते. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नकाशांवर.

आधी स्मारक कोणाच्या यादीत आहे ते पाहा. केंद्राच्या यादीतल्या स्मारकांना प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती लागू होते. राज्याच्या यादीतल्या स्मारकांसाठी कर्नाटकाचा १९६१ चा कायदा आहे आणि कार्यालय राज्य पुरातत्त्व खात्याचे. हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर असो की देगावचे कमलनारायण मंदिर, शेजारी घर असेल तर ऐकीव माहितीवर राहू नका, यादी बघून घ्या. खालची सगळी माहिती केंद्र-संरक्षित स्मारकांच्या परिसराची आहे.

अंतर आणि पात्रता

संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. हे अंतर गाभाऱ्याच्या भिंतीपासून मोजायचे नसते, स्मारकाच्या अधिसूचित हद्दीपासून मोजायचे असते. देवळाभोवतीचे आवारही संरक्षित असेल तर तुमचे ११० मीटर प्रत्यक्षात ८५ भरू शकतात, आणि मग सगळा अर्जच बदलतो.

नियंत्रित क्षेत्रात नवे बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती या तिन्हींसाठी अर्ज करता येतो. प्रतिबंधित क्षेत्रात फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण. तेही इमारत १६ जून १९९२ च्या आधीपासून उभी असेल, किंवा नंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मंजुरीने बांधलेली असेल तरच. जुनी भिंत पाडून त्याच जागी, त्याच लांबी-रुंदी-उंचीची नवी उभी केली तर कायद्याच्या व्याख्येत ती पुनर्बांधणी ठरते. "माप तेच ठेवतो की" म्हणून ती दुरुस्तीत बसत नाही. म्हणूनच सद्यःस्थितीचा नकाशा इतका महत्त्वाचा. कोणती भिंत राहणार आहे, तिचा कुठला भाग नुसता भरून काढायचा आहे, कुठली तुळई बदलायची आहे, हे त्यातूनच सिद्ध करावे लागते.

कागदपत्रे

मालकीसाठी शहरात सिटी सर्व्हेचा उतारा, खेड्यात ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू या संगणकीय मिळकत-नोंदीचा नमुना ९ आणि ११. उताऱ्यावर आजोबांचेच नाव असेल तर आधी वारसा लावून घ्या. घर सामायिक असेल तर सर्व हिस्सेदारांचे संमतिपत्र हवे, मुंबई-पुण्याला स्थायिक झालेल्या भावाचेसुद्धा. देऊळ मुजराई खात्याकडे, म्हणजे राज्याच्या देवस्थान खात्याकडे, असेल तर अर्जाला त्या खात्याची संमती जोडावी लागते, पंच कमिटीचा ठराव एकटा पुरत नाही.

१९९२ आधीच्या अस्तित्वासाठी घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, नोंदणीकृत खरेदीखत किंवा वाटणीपत्र चालते. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या घरांचे कितीतरी कागद मराठीत आणि त्याहून जुने मोडीत सापडतात. हे कागद उत्तम पुरावा आहेत. मोडी कागदाला आधी देवनागरी लिप्यंतर, मग कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर, आणि ते साक्षांकित. मूळ कागद देऊ नका, प्रत द्या. जुन्या खतात नाव एका पद्धतीने आणि आधारकार्डावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले असते. "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा.

याशिवाय उपग्रह नकाशावर स्मारकाच्या हद्दीपासून तुमच्या वास्तूच्या सर्वांत जवळच्या कोपऱ्यापर्यंत ओढलेली रेघ आणि अंतर, चारही बाजूंची तारखेसह छायाचित्रे, आणि शक्य असेल तिथे स्मारक व घर एकाच चौकटीत येईल असे एक छायाचित्र.

नकाशांचा संच

भूमापन खात्याचा मोजणी नकाशा जागेची हद्द दाखवतो, तो इथे पुरणार नाही. लागतात ते इमारतीच्या मोजमापाचे नकाशे. जागेचा आराखडा १:२०० ला. प्रत्येक मजल्याचा आराखडा, छताचा आराखडा, चारही दर्शनी बाजू आणि किमान दोन छेद (इमारत उभी कापली तर आत दिसेल तो नकाशा) १:५० ला. एक छेद जिन्यातून गेलाच पाहिजे. कोरीव खांब, चौकट, कोनाडा यांचे तपशील १:१० किंवा १:५ ला. उंची जमिनीपासून लिहायची, आणि त्यात कठडा, जिन्याची खोली, पाण्याची टाकी सगळे धरायचे. टाकी विसरली की उंचीचा आकडा खोटा ठरतो. सद्यःस्थिती आणि प्रस्तावित काम वेगवेगळ्या पानांवर घ्या. राहणारे, काढायचे आणि नव्याने बसवायचे भाग तीन रंगांत दाखवा. नकाशावर नोंदणीकृत वास्तुविशारदाची सही असावी.

प्रमाण नुसते आकड्यात लिहू नका, मोजपट्टी काढा. ए-१ कागदावरचा १:५० चा नकाशा ए-३ वर छापला की तो १:१०० होतो, आणि टेबलावर बसलेला माणूस चुकीचे माप वाचतो.

मोजायचे कसे

पहिल्या दिवशी टेप काढण्याची घाई नको. आधी सोपा, माजघर, परसू, माळा असे प्रत्येक जागेचे हातचित्र काढा, एका पानावर एकच जागा. मग पाणसळीने साऱ्या घरातून एक समपातळी ओळ फिरवा, जोत्यापासून साधारण एक मीटरवर, खडूने. भिंतीवर खिळा मारू नका. सगळ्या उंच्या या ओळीपासून वर आणि खाली मोजायच्या. फरशीवरून मोजाल तर फरशीचा उतार प्रत्येक खिडकीच्या मापात शिरेल.

लांबी सलग मोजा. टेपचे शून्य कोपऱ्यात धरून दाराची कड, खिडकीची कड, पुढचा कोपरा असे एकाच ताणात आकडे लिहा. वीस तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज केली आणि प्रत्येकात ५ मिलिमीटर एकाच बाजूला चुकले, तर शेवटी १० सेंटिमीटरचा घोळ होतो. कापडी टेप ताणतो, स्टीलचा घ्या. लेसर मोजणी यंत्र चांगले, पण ते पुढच्या कडेपासून मोजते आहे की मागच्या, हे आधी तपासा. नाहीतर प्रत्येक मापात यंत्राची लांबी मिसळते. भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही, ते काम सकाळी उरका.

आणि कर्ण. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. समजा समोरासमोरच्या भिंतींची एक जोडी ४.२० मीटरची आणि दुसरी ३.६० मीटरची आहे. खोली गुण्यात असती तर दोन्ही कर्ण ५.५३ आले असते. तुम्हाला एक ५.६० आणि दुसरा ५.४६ मिळाला, तर खोली तिरपी आहे, आणि ३.६० च्या भिंतीत हा तिरपेपणा तब्बल ९ सेंटिमीटरचा आहे. नकाशात ती तिरपीच काढा. संगणकावर काम करणारी मुले सवयीने काटकोन टाकतात, आणि मग बाहेरची आणि आतली मापे जुळेनात म्हणून भिंतीची जाडी "ॲडजस्ट" करतात. तिथूनच नकाशा निरुपयोगी होतो, कारण जांभ्याची भिंत खरोखर किती जाड आहे यावरच ती भार पेलेल की नाही हे ठरणार असते. भिंत ओळंब्यात नसेल तर वर, मध्ये आणि खाली ओळंब्यापासूनचे अंतर लिहा. मध्ये पोट आले असेल ते छेदात दिसले पाहिजे.

तडे, ओल, वाळवी आणि सुटलेला चुन्याचा गिलावा दर्शनी नकाशावर खुणांनी दाखवा. तड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहा. खानापूरकडच्या पावसात ओल कुठून येते ते जुलै-ऑगस्टमध्येच कळते. म्हणून ओलीची नोंद पावसाळ्यात आणि मोजमाप दिवाळीनंतर, असे जमवता आले तर फार चांगले.

खुद्द संरक्षित स्मारकात मोजमाप करायचे असेल तर १९५८ च्या कायद्याखालचे १९५९ चे नियम आडवे येतात. स्टँडवरचा कॅमेरा, स्टूल, मोठा ड्रॉइंग बोर्ड, परांची, कोरीव कामाचा थेट छाप घेणे, या सगळ्याला पुरातत्त्व अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. कमलबस्तीच्या छतातले लोंबते कमळ खाली उभे राहून नीट मोजता येत नाही, स्टँड लागतोच. त्यामुळे विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाचे पत्र, नावांची यादी, साधनांची यादी आणि तारखा देऊन धारवाडला आधीच लिहावे. ड्रोनचा विचार असेल तर सांबरा विमानतळ आणि लष्करी भाग लक्षात घ्या. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर जागेचा रंग पाहिल्याशिवाय उडवू नका.

अर्ज दिल्यावर

अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या पोर्टलवर, राज्याच्या सक्षम अधिकाऱ्याच्या नावे जातो. कायद्यातली मुदत अशी: सक्षम अधिकाऱ्याने १५ दिवसांत तो प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत मत कळवायचे, आणि ते मिळाल्यावर एका महिन्यात सक्षम अधिकाऱ्याने मंजुरी किंवा नकार द्यायचा. म्हणजे पावसाआधी छप्पर शाकारायचे असेल तर अर्ज डिसेंबरात गेलेला बरा.

ही मंजुरी म्हणजे बांधकाम परवाना नव्हे. महापालिका, ग्रामपंचायत किंवा कँटोन्मेंट बोर्ड, जिथे घर असेल तिथला परवाना वेगळा घ्यावा लागतो, आणि दोन्हीकडे नकाशांचा संच एकच असावा. गिलावा काढल्यावर आत वेगळेच काही निघाले, म्हणजे बुजवलेली कमान किंवा कुजलेला खांब, तर तेवढ्या भागाचे काम थांबवा, मोजा, छायाचित्र घ्या आणि सुधारित नकाशा सादर करून मगच पुढे जा.