संग्रहातल्या कागदी नोटा कशा जपाव्यात

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जुन्या नोटेला सर्वांत मोठा धोका कशाचा, असे कोणी विचारले की आम्ही आधी त्यांचा अल्बम बघायला मागतो. वाळवी, आग, पाणी यांची भीती सगळ्यांनाच असते. पण नोट ज्या पाकिटात वर्षानुवर्षे पडून असते, त्या पाकिटाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, आणि नोटा सर्वाधिक तिथेच बिघडतात.

स्वस्त, मऊ पाकिटे बहुधा पीव्हीसीची असतात. हे प्लास्टिक मुळात कडक असते. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात तेलकट रसायने मिसळतात आणि कालांतराने ती बाहेर झिरपतात. मग पाकीट चिकट होते, नोटेवर तेलकट डाग पडतात, कधी शाईही पाकिटाला धरते. जुने होताना पीव्हीसी आम्लही सोडते. पाकीट उघडून वास घ्या. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला, तर नोट त्याच दिवशी बाहेर काढा. चिकटली असेल तर मात्र ओढू नका, आमच्याकडे तशीच घेऊन या.

पाकीट पॉलिएस्टरचे घ्यावे. मायलार या नावाने ते ओळखले जाते. ते स्वच्छ पारदर्शक असते आणि हाताळताना कडकड वाजते. पॉलिप्रॉपिलीनचे पाकीटही चालते, ते स्वस्त पडते. पाकीट नोटेपेक्षा थोडेसेच मोठे हवे. फार मोठे असले तर नोट आत सरकत राहते आणि कडा झिजतात. नोट घालताना पाकिटाचे तोंड दोन बोटांनी नीट उघडे धरा, दोन्ही कोपरे आत गेलेले डोळ्यांनी पाहा आणि मगच पुढे सरकवा. कोऱ्या नोटेचा कोपरा बहुतेक वेळा याच क्षणी दुमडतो. हात धुऊन पूर्ण कोरडे केलेले असावेत, क्रीम लावलेले नको. सुती हातमोज्यांचा आग्रह आम्ही धरत नाही. त्यांनी बोटांना अंदाज येत नाही आणि फाटकी कड धाग्यात अडकते.

नोट धुऊ नका, इस्त्री करू नका, खोडरबर लावू नका. अनेक नोटांवरची छपाई बोटाला उंचवट्यासारखी लागते. दाबल्यावर तो उंचवटा सपाट होतो आणि तिरप्या उजेडात लगेच कळतो. प्रतवारी करणाऱ्या संस्था 70 गुणांच्या पट्टीवर नोट तपासतात आणि कागद मूळ अवस्थेत असेल तर तसा वेगळा शेरा देतात. धुतलेल्या नोटेला तो मिळत नाही. खरी, जुनी घडी ही दाबून सपाट केलेल्या घडीपेक्षा केव्हाही बरी, असे आमचे ठाम मत आहे. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर कधीच नको, ते निघत नाही. स्टेपल, टाचण्या आणि रबरबँडही दूर ठेवा.

हवेतली आर्द्रता 40 ते 50 टक्के असावी. 65 टक्क्यांच्या वर ती बराच काळ राहिली की बुरशीचा धोका वाढतो, आणि हवा फार कोरडी झाली की कागद ठिसूळ होतो. माळा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळा. आगरोधक तिजोरीही दिसते तितकी सुरक्षित नसते, कारण तिच्या भिंतींमधल्या भरावात पाण्याचा अंश असतो आणि आत दमटपणा साचू शकतो. तिथे सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, ठेवा, पण ते ओलीने भरले की बदला. नारिंगी दाणे हिरवे झाले म्हणजे त्यांचे काम संपले. डांबरगोळ्या मात्र ठेवू नका, त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लास्टिकवर परिणाम करते. कसर कागदातला खळीचा अंश खाते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी अल्बम उघडून पानन् पान चाळा.

पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, नोटा ऑस्ट्रेलियाने 1988 मध्ये प्रथम काढल्या. दमटपणाला त्या कागदापेक्षा चांगल्या टिकतात, पण उष्णतेने आकसतात. नोट भिंतीवर लावायची असेल तर अतिनील किरण अडवणारी काच वापरा आणि थेट ऊन टाळा. अशा काचेने रंग उडणे लांबते, थांबत नाही.

प्रत्येक नोटेचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा, क्रमांक आणि खरेदीची पावती यांची नोंद करा. ही वही अल्बमसोबत ठेवू नका, घरात दुसरीकडे ठेवा.