निळ्या पडद्याची पूर्वपीठिका

घरातला संगणक चालता चालता एकाएकी अडकतो, पडदा निळा होतो आणि काही वाचून होण्याआधीच यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते. असे दोन-तीनदा घडले की ‘फॉरमॅट मारून टाकू’ असा निर्णय बहुतेक घरांत होतो. तो बहुधा घाईचा असतो, आणि त्यात वर्षानुवर्षांचे फोटो व कागदपत्रे हकनाक जातात, म्हणून हा पडदा मुळात कशासाठी आला हे आधी पाहिले पाहिजे.

आज आपण पाहतो त्या ब्लू स्क्रीनचा मूळपुरुष म्हणजे जुलै १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटी ३.१ चा पडदा. तो लिहिणारे अभियंता जॉन व्हर्ट यांनी रंगाचे कारण नंतर सांगितले आहे, आणि ते अगदी साधे आहे: ते ज्या मिप्स संगणकावर काम करत होते त्याची सुरुवातीची पाटी निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची होती आणि ज्या एडिटरमध्ये ते प्रोग्रॅम लिहीत तोही तसाच होता. त्यामागचा विचार मात्र गंभीर होता. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, याला आपल्याच नोंदी विसंगत दिसल्या, तर पुढे चालत राहिल्याने हार्ड डिस्कवर चुकीची माहिती लिहिली जाण्याचा धोका असतो, म्हणून तो स्वतःहून सगळे काम थांबवतो आणि थांबण्याचे कारण एका संकेतांकासह समोर ठेवतो. तेव्हा निळा पडदा हा बिघाड नव्हे. बिघाड लक्षात आल्यावर माहिती वाचवण्यासाठी लावलेला तो ब्रेक आहे.

घराघरांत मात्र त्या काळी एनटी नव्हती, ती प्रामुख्याने कार्यालयांसाठी होती. तेथे विंडोज ९५ आणि ९८ होत्या, आणि त्यांचा निळा पडदा ही वेगळी गोष्ट होती. त्यावर ‘कोणतीही कळ दाबा’ असे लिहिलेले असे, आणि कधी कधी कळ दाबल्यावर काम खरोखरच पुढे चालू होई. या पडद्यांच्या कर्त्यांबाबत अनेक वर्षे घोटाळा होता. विंडोज ३.१ मधील कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या पडद्याचा मजकूर स्टीव्ह बाल्मर यांनी लिहिला होता, पण तोच यंत्र कोसळवणाऱ्या, म्हणजे ‘फेटल’, त्रुटीचा पडदा असल्याचे छापले गेले. अखेर मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०१४ मध्ये तिन्ही पडदे वेगवेगळे असल्याचा खुलासा केला.

एप्रिल १९९८ मध्ये कॉमडेक्स प्रदर्शनात, बिल गेट्स मंचावर असताना, विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. स्कॅनर जोडला आणि सर्वांसमोर निळा पडदा आला. त्या प्रसंगाची आजवर करमणूकच झाली. मला त्यातला तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बाहेरून नवे उपकरण जोडले आणि त्या क्षणी यंत्र कोसळले, हाच घरगुती बिघाडांचा नेहमीचा क्रम आहे. त्याच सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ‘असेंबल्ड’ संगणक घरोघरी जात होते. मदरबोर्ड एका कंपनीचा, डिस्प्ले कार्ड दुसऱ्याचे, मोडेम तिसऱ्याचा, आणि प्रत्येकासोबत ड्रायव्हरची, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, स्वतंत्र सीडी. ड्रायव्हर कर्नलच्या शेजारी, त्याच्याच अधिकाराने चालतो, त्यामुळे त्यातली एक चूक सगळे यंत्र खाली आणते.

हे दुखणे १९९६ च्या एनटी ४.० ने आणखी वाढवले होते, कारण वेग मिळावा म्हणून चित्रदर्शनाचा बराच भाग त्या आवृत्तीत कर्नलमध्ये नेण्यात आला. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये डिस्प्ले ड्रायव्हरचा मोठा हिस्सा पुन्हा बाहेर काढण्यात आला, आणि ड्रायव्हर अडकला तर तेवढाच नव्याने सुरू करण्याची सोय झाली. आज पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, तेव्हा पुष्कळदा हीच सोय कामी आलेली असते.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि एनटीचा गाभा प्रथमच सर्वसामान्य घरांत पोहोचला. त्याबरोबर कोसळताच आपोआप पुन्हा सुरू होण्याची सवयही आली, आणि पडदा वाचणे अवघड झाले. मात्र तीच माहिती ‘मिनीडम्प’ नावाच्या अवघ्या ६४ केबीच्या फाइलमध्ये, विंडोजच्या फोल्डरमध्ये जपली जाऊ लागली. २०१२ च्या विंडोज ८ ने उदास चेहरा आणून मजकूर आणखी कमी केला, २०१६ मध्ये क्यूआर कोड आला, पण फाइल कायम राहिली. म्हणूनच जाणकार आधी ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ या सेटिंगसमोरची खूण काढायला सांगतात, मग मिनीडम्प उघडून कोणत्या ड्रायव्हरचे नाव येते ते पाहतात, आणि तो नुकताच बदलला असेल तर सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर विंडोज सुरू करून, जुना परत आणतात. प्रत्येक वेळी नाव वेगळे येत असेल, तर संशय ड्रायव्हरवरून रॅमकडे, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीकडे, वळतो. व्हिस्टापासून विंडोजमध्येच असलेली मेमरी चाचणी तेव्हा रात्रभर चालवावी. आपल्याकडचे कारागीर त्याआधी वीज बंद करून रॅमची पट्टी काढतात, तिच्या कडेचे सोनेरी संपर्कबिंदू खोडरबराने हलकेच घासतात, भुसा फुंकरीने न उडवता ब्रशने झाडतात आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवतात. दमट हवेत काळवंडलेल्या संपर्कांमुळे होणारा बिघाड एवढ्यानेही जाताना दिसतो.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षाप्रणालीतील एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळी पडली. घरगुती संगणक त्यातून बहुतांशी वाचले, कारण ती सुरक्षाप्रणाली प्रामुख्याने संस्था वापरतात. उपाय मात्र घरच्यासारखाच होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसणे, तेही प्रत्येक यंत्रासमोर बसून. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने कर्नलबाहेर चालणाऱ्या सुरक्षाप्रणालींच्या दिशेने काम सुरू केले, आणि २०२५ मध्ये विंडोज ११ चा पडदा काळा झाला. त्यावरून उदास चेहरा आणि क्यूआर कोड गेले. स्टॉप कोड, म्हणजे थांबण्याच्या कारणाचा संकेतांक, आणि दोषी ड्रायव्हरचे नाव यांना मात्र तेथे जागा राहिली.